हीटरवरची धूळ

हीटर लावताच खोलीत जळका वास पसरला. सुनेने धावत येऊन बटण बंद केलं.

"घाबरू नका, आई. वर्षभर माळ्यावर पडला होता ना, तारेवरची धूळ जळतेय. ब्रशने झटकून देते, मग नाही येणार वास."

शरयूबाईंनी मात्र छाती भरून तो वास घेतला. त्यात चंदनी पावडर होती. गेल्या थंडीपर्यंत अप्पा आंघोळ करून याच हीटरपुढे उभे राहायचे, अंगाला पावडर थापायचे, आणि त्या रोज करवादायच्या, "अहो, हीटरला कशाला पावडर लावताय!" यंदा ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

सून ब्रश घेऊन आली.

"नको गं झटकूस. थोडी उद्याला राहू दे."

प्लग काढून त्या शाल लपेटून कुडकुडत बसल्या.