उत्तरेकडचा फाटा

फाट्यापाशी येताच दीर थांबला आणि नेहमीसारखा मागे वळला.

"चला वहिनी, वारा सुटलाय."

वारा कुठेच नव्हता. समुद्र तव्यासारखा सपाट पडला होता.

नवरा वादळात होडीसकट गेला, तेव्हापासून दीर तिला रोज संध्याकाळी फिरायला नेत असे. घरात बसून डोकं फिरेल, चार पावलं चाललेलं बरं, असं तोच म्हणाला होता. बेट ते केवढं! धक्का झाला, शाळा झाली, दीपगृह झालं, पलीकडची वाळू तर कितीदा तुडवून झाली. राहायचा तो फक्त उत्तरेकडचा फाटा. तिकडे बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. एकदा दीर म्हणाला, तिकडे कुत्री फार आहेत. मग म्हणाला, रस्ता खचलाय. आज वारा. एकच खोटं असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण रोज नवं निघायला लागलं, तसं कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला कळून चुकलं.

त्यात परवा ती तेलाची बाटली घेऊन दुकानात शिरली, तर दुकानदार दिराला विचारत होता, "ताडपत्री पुरली ना रे?" तिला पाहिलं आणि गड्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. दीर लाँचवर तिकिटं फाडायचा. त्याला ताडपत्री कशाला लागावी? घरावर तर ती कुठेच दिसत नव्हती.

त्यानंतर तिला झोप अशी लागलीच नाही. होडी बुडालीच नसेल. माणूस गेला, होडी राहिली आणि ती भाऊजींनी गिळली. शिवाय सगळं बेट सामील. इथं कुणी शिंकलं तरी पलीकडच्या किनाऱ्यावर औषध सांगतात, मग तिच्याच कानावर काही कसं येत नव्हतं?

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि फाट्याला लागली.

"वहिनी! अहो वहिनी, ऐका माझं."

तिनं ऐकलं नाही. दीर मागून आला, पण त्यानं तिला अडवलं नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून निळी ताडपत्री होती, चारी बाजूंनी करकचून बांधलेली. तिनं नखं तुटेस्तोवर गाठी सोडल्या. खाली होडी होती. नवऱ्याचीच. मागच्या फळीला त्यानं ठोकलेलं पत्र्याचं ठिगळसुद्धा जागच्या जागी होतं.

"फळीसुद्धा हाती लागली नाही म्हणाला होतात," तिचा आवाज चिरकला. "माझ्या माणसाची होडी लपवलीत, भाऊजी? खाल्ल्या घरचे वासे मोजलेत?"

दीर एका पालथ्या पिंपावर बसला. "आत बघा," एवढंच म्हणाला.

तिनं पाहिलं. कुठे भोक नव्हतं, साधी चीरही नव्हती. वल्ही शेजारी शेजारी निजवलेली. जाळं गुंडाळलेलं, आणि त्याच्यावर सुतळीची गाठ. निघताना तिनंच मारून दिली होती ती. सुटलीच नव्हती.

"वादळ दुपारी आलं," दीर म्हणाला. "होडी आम्हाला सकाळीच दिसली होती. खाडीच्या तोंडाशी, नांगर टाकून उभी. आत कुणी नव्हतं."

"मग हे कुठं गेले?"

"शोधलं. वादळ अंगावर येईस्तोवर शोधलं. पोहत गेला, कुणाच्या होडीत चढला, की... मला नाही माहीत, वहिनी. आईशप्पथ नाही माहीत."

"आणि मला वादळ सांगितलंत."

"वादळाला शिव्या देता येतात. नाहीतर तुम्ही दादाला देत बसला असतात, नाहीतर स्वतःला."

बसायच्या फळीखाली डबा होता. तिनं ओढून काढला, उघडला. स्वच्छ धुतलेला. पुसून कोरडा केलेला. वाट्या एकीत एक नीट बसवलेल्या. ती पाहतच राहिली. लग्न झाल्यापासून त्या माणसानं कधी स्वतःचा डबा विसळला नव्हता. काटे तसेच ठेवायचा आत, वास मारेस्तोवर. त्यावरून किती वेळा भांडण झालं होतं.

"हा तुम्ही धुतलात?"

"आम्ही कशालाच हात लावला नाही."

ती दिराच्या तोंडाकडे पाहत राहिली. खोटं शोधत होती. सापडलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग तिनं डबा होता तिथे ठेवला. ताडपत्रीचं एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. दोघं परत निघाली. आपल्याला कळलं ते कळलं, म्हाताऱ्या सासूला तरी वादळच राहू दे, एवढं तिनं वाटेत ठरवून टाकलं.

सासूबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. दीर त्यांच्या बाजूनं मान खाली घालून आत गेला.

"उशीर केलात गं. कुठवर गेला होतात?"

"इथंच. वाळूवर बसलो होतो."

सासूबाईंनी एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. ती आत जाऊ लागली तेव्हा मान वर न करता म्हणाल्या,

"डबा तरी घेऊन यायचास."