खात्रीचा माणूस

माकणीत उतरल्यावर दगडोबांनी पहिल्याच टपरीवर बब्रुवानरावांचं घर विचारलं. टपरीवाल्यानं बोट दाखवलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. म्हणजे असा माणूस खरोखर होता.

'नाणेसेतू' नावाच्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या फेसबुक पानावर या बब्रुवानरावांचा फोटो होता. नाव, गाव, फोन नंबर, आणि खाली एक ओळ : 'आमचं सगळं उघड आहे. आमच्या ग्राहकांना घरी जाऊन विचारा.'

"अण्णा, फेसबुकवर कुणीबी कायबी टाकतंय," दगडोबांची धाकटी, शिवांजली, येरमाळ्याहून निघताना म्हणाली होती. तिच्याच नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी निम्मी मेंढरं विकली होती. प्रवेशाला महिना होता, आणि तेवढ्यात 'नाणेसेतू'त भरलेले पैसे दीडपट होणार होते.

दगडोबा काही भोळे नव्हते. थोरलीचं लग्न जमवताना त्यांनी बायोडाटा बाजूला ठेवला, नवऱ्या मुलाच्या घरी जाऊन पाणी घेतलं, शेजारीपाजारी चौकशी केली, आणि मगच होकार दिला. ती पोर आज सुखात होती. इथंही त्यांनी तीच रीत लावली.

"या, पाव्हणं," बब्रुवानराव म्हणाले. त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, पाणी आणून दिलं. मान काही वर केली नाही. जुन्या वळणाची बाई, दगडोबांना बरं वाटलं.

"तुमाला पैसे मिळाले का?"

बब्रुवानरावांनी मोबाइल पुढं केला. पडद्यावर भरल्या पैशाच्या दीडपट आकडा होता. "तुमच्या डोळ्यानं बघा."

"येडाईची आण घिऊन सांगा."

बब्रुवानरावांनी मोबाइल खिशात ठेवला. "पैशापायी देवीला कशाला मधी आणायचं, दादा?"

हे उत्तर दगडोबांना फार आवडलं. उठसूट शपथा खाणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

भाकरी-पिठलं झालं. शेजारच्या म्हाताऱ्यानंही बब्रुवानरावांचं नाव चांगलंच घेतलं.

"भरायचंच आसल तर हितंच भरा," बब्रुवानराव म्हणाले. "काय अडलं तर म्या हाय." कुठं दाबायचं तेही त्यांनी शेजारी बसून दाखवलं. पैसे गेले.

थोड्या वेळानं बब्रुवानरावांचा मोबाइल वाजला. धुरपताबाई चुलीपासून उठून दारात आल्या. "झालं का वो?"

"झालं."

बाई तिथंच मटकन बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या. ऊनच तसं होतं.

निघताना बब्रुवानरावांनी हात जोडले, ते बराच वेळ खाली घेतलेच नाहीत. दगडोबांना गहिवरून आलं. एवढी माया सख्ख्या सोयऱ्यांतही उरली नव्हती.

एसटीत बसल्या बसल्या त्यांनी शिवांजलीला फोन लावला. "माणूस बघितला, घर बघितलं. लई चांगली माणसं हायेत."

"मग थोडे काढून बघा, अण्णा. आले तर मी परत काय बोलणार न्हाय."

लेकीचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी थोडे पैसे काढायला टाकले. गाडी गावाबाहेर पडायच्या आत उत्तर आलं.

'आपले पैसे तूर्त अडकले आहेत. आपला फोटो व नंबर आमच्या पानावर टाकत आहोत. चौकशीला घरी येणाऱ्या एका माणसाची खात्री पटवा, त्याला पैसे भरायला लावा, म्हणजे आपले सुटतील. माकणीच्या बब्रुवानरावांचे आज दुपारीच सुटले.'