गैरहजर

पहार या खेपेला खणकन वाजली नाही. खडकाच्या फटीत ती वीतभर आत शिरली आणि श्रीमंतनं उपसून काढली तेव्हा तिचं टोक ओलं होतं. मग फटीतून करंगळीएवढी धार लागली आणि त्याच्या पायाशी पाणी साचू लागलं.

आधी तो हसला. मग त्यानं अंगातला बनियन काढला, त्याचा बोळा केला आणि फटीत कोंबला.

अख्खा अहमदपूर तालुका टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसला होता, आणि हा माणूस पाण्याचं तोंड बुजवत होता. पस्तीस हात खोल, दोन वर्षं कोरडी पडलेली ही बापाची विहीर हेच आता त्याचं घर होतं. उजाडायच्या आत तो दोरानं खाली उतरायचा. बायको सिंधू दोर वर ओढून घेऊन जायची. दुपारी भाकर सोडायची, अंधार पडला की दोर. मधे वर यायचं म्हटलं तरी येता येत नसे. बसून डोकं फिरायचं, म्हणून तो खडक फोडत राहायचा.

श्रीमंत फौजेतला शिपाई. बाप अंथरुणाला खिळला म्हणून महिन्याच्या रजेवर आला. रजेच्या शेवटच्या आठवड्यात बाप गेला. आई एकटी पडली म्हणून हा चार दिवस थांबला. चाराचे पंधरा झाले. मग उशीर झाला म्हणून जायची भीती वाटू लागली, आणि भीती वाटली म्हणून आणखी उशीर होत गेला. त्याला धरून पाठवा, असं पलटणीचं पत्र जुन्या जिल्ह्याला गेलं. अहमदपूर तोवर नव्या लातूर जिल्ह्यात आलेलं. फिरत फिरत ते पत्र अहमदपूरच्या पोलीस ठाण्यात पोचायला पाच महिने लागले. तोवर श्रीमंतला वाटायला लागलं होतं, आपल्याला कुणी विचारत नाही.

मग ठाण्यातले आप्पासाहेब जमादार यायला लागले. दर आठवड्याला, सायकलवर. घर, माळा, गोठा सगळं उलथंपालथं करायचे आणि मुलगा घरी आला नाही असं लिहून त्यावर आई धोंडाबाईचा अंगठा घ्यायचे. एकदा तर म्हातारीला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. निघताना ते विहिरीच्या काठावर टेकायचे, आणि खाली श्रीमंत श्वास रोखून उभा राहायचा. जमादार धोंडाबाईला मोठ्यानं सांगायचे, "मावशी, धरून नेलेल्या मानसाचं लई वाईट हाय. आपल्या पायानं आला तर गोष्ट येगळी." श्रीमंतला तो सापळा वाटायचा.

बोळा फुगून बाहेर पडला. त्यानं तो पुन्हा कोंबला, वर दगड दाबला. पाणी दगडाच्या बाजूनं आलं. दुपारपर्यंत ते गुडघ्याला लागलं.

सिंधू आली. तिनं फडक्यात बांधलेली भाकर सोडली आणि सांगितलं की आज टँकर आलाच नाही, काल आला तेव्हा रेटारेटीत आत्याबाई, म्हणजे त्याची आई, पडल्या, त्यांचा हात सुजलाय. तिचा आवाज पार कोरडा पडला होता. श्रीमंतनं ओंजळभर पाणी खडकावर मारलं. वर तिला ते ऐकू गेलं.

ती काठावर पालथी पडून खाली वाकली. मग हळू आवाजात एकेक सांगू लागली. अंधार पडेस्तोवर कसंही करून पाणी दाबून धरा. रात्री भोकरला माझ्या भावाकडं निघा. त्याच्या घरात धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव आहे, दुष्काळानं रिकामंच पडलंय. त्यात तुम्हाला कुणी शोधणार नाही. पाण्याचं लोकांना उद्या सांगू. सगळं तिनं नीट जुळवलं होतं. सकाळपासून ती स्वतः घोटभर प्यायली नव्हती.

श्रीमंतनं वर पाहिलं. ताटाएवढं आभाळ आणि त्यात बायकोचं डोकं. पेवात तेही दिसणार नव्हतं. पेवावर झाकण असतं.

त्यानं वाकून दगड बाजूला सारला आणि बोळा उपसून काढला.

"सिंधू, दोर सोड," तो म्हणाला. "आन् समद्यांला सांग, घागरी घेऊन या म्हनाव."

ती काठावर बसून रडली. मग तिनं दोर सोडला.

तासाभरात विहिरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बौद्धवाड्यातल्या या विहिरीकडं आजवर कधी न फिरकलेल्या गावातल्या बायाही घागरी घेऊन उभ्या होत्या. श्रीमंतनं पहिली घागर आईच्या पुढ्यात ठेवली, तिच्या पाया पडला आणि अहमदपूरची वाट धरली. चार कोस. वाटेत नांदेडची एस.टी. त्याला बघून थांबली. चढायचंय का, म्हणून कंडक्टरनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो चालत राहिला.

ठाण्यात आप्पासाहेब एकटेच होते. श्रीमंत टाचा जुळवून उभा राहिला. नाव सांगितलं, नंबर सांगितला. जमादारांनी त्याच्या चिखलानं माखलेल्या पायांकडं पाहिलं. कुठं होतास, एवढंही विचारलं नाही. टेबलाचा खण उघडून त्यांनी अगदी तळातून एक कागद काढला.

कागद घडीवर पिवळा पडला होता. त्यावर श्रीमंतचं नाव, नंबर, पलटण, आणि खाली 'सदर इसम स्वतःहून ठाण्यात हजर झाला' असं सुवाच्य अक्षरात केव्हाच लिहून ठेवलेलं होतं. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.