बुटाची गाठ
मूल नसलेली विधवा दिराच्या पायातला बूट काढून त्याच्यासमोर थुंकली, की आम्हा ज्यूंच्यात ती मोकळी होते. नाहीतर जन्मभर त्याच्याच नावानं अडकते. सिनसिनाटीच्या प्रार्थनाघरात तीन पंचांसमोर मी वाकले. फाइस्ट भावजी चामड्याचे व्यापारी. त्यांनी बुटाची वादी मुद्दाम ओली करून बांधली होती. ती वाळून दगड झाली होती. त्यात गाठ एका उजव्या हातानंच सोडायची. माझं नख तुटलं. "वहिनी, दादाचं दुकान माझ्या नावावर करा, उद्या सैल बांधून येतो," ते कुजबुजले. मी गाठीवर थुंकले. "बाई, थुंकणं शेवटी असतं," रब्बी दचकून म्हणाले. "ते वेगळं, रब्बी. हे चामड्यासाठी." त्याच दुकानात घोडदळाची खोगिरं दहा वर्षं मीच शिवली होती. अंगठ्यानं चोळता चोळता वादी मऊ पडली, बूट निघाला. "आता नीट उभे राहा, भावजी," मी म्हणाले.