न उलटलेलं पान

धडा संपला, तरी सगुणानं पान उलटलंच नव्हतं. आशालताबाईंच्या ते लक्षात आलं. पोर वाचत नव्हती, पाठ म्हणत होती.

“पाठ का गं केलंस?”

“पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात, बाई.”

त्याच दिवशी बाईंनी आपली शिकवण्याची पद्धत सांगून ब्लॉगवर लिहिलं होतं, ‘अबोल सगुणा वाचू लागली.’ तालुकाभरचे शिक्षक आता त्यांचीच पद्धत वापरत होते.

मधल्या सुट्टीत डबा तसाच राहिला. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत बाईंनी मोबाइलवर चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या.

“राहू द्या हो,” शेजारच्या वर्गाचे गुरुजी म्हणाले. “आपल्या हातानं आपली फजिती कशाला?”

“माझं बघून किती पोरं नुसती पाठ म्हणत असतील, गुरुजी?”

बाईंनी ब्लॉगवर टाकलं, ‘माझी पद्धत फसली. सगुणाला अजून वाचता येत नाही. ती माझं मन राखत होती.’

घंटा होत आली, तरी बाई पुन्हा पुन्हा ब्लॉग उघडून बघत होत्या. मग दूरच्या पाड्यावरच्या एका अनोळखी शिक्षिकेनं त्याखाली लिहिलं, ‘आत्ताच माझ्या वर्गातल्या चिमीला मधलंच पान वाचायला दिलं. ती रडली. आता आपण दोघी काय करूया, ताई?’