दाजींचा मासा

"आवाज करू नका," दाजी हळूच म्हणाले. "पाण्यालाही कान असतात."

छापखान्यातल्या मशीनमनने आज्ञाधारकपणे मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या आपल्या सोबत्याकडे, प्रूफरीडरकडे, पाहण्याचे कटाक्षाने टाळले. पाहिले असते, तर दोघांनाही हसू आवरले नसते.

दाजी हे मशीनमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे आयुष्य त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेले आणि सुट्टीचे दिवस या डोहाच्या काठी. याच डोहात एकदा आपल्या गळाला माणसाएवढा मासा लागला होता व दोरी तोडून गेला, असे ते सांगत. ती हकिकत ऐकून ऐकून छापखान्यातल्या यंत्रांनाही पाठ झाली होती. विश्वास मात्र कोणीच ठेवला नाही. प्रत्यक्ष पत्नीनेही नाही. "आमच्या ह्यांचा मासा दरवर्षी वीतभर वाढतो," असे ती चारचौघांत म्हणे, आणि दाजी खाली मान घालून चहा पीत.

उद्या ते दाम्पत्य कायमचे मुलीकडे राहावयास जाणार होते. त्या शहरात नदी नव्हती.

अशा प्रसंगी दाजींना रिकाम्या हाताने परतू द्यावयाचे नाही, असा निश्चय मशीनमनने केला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. फक्त त्यात थट्टेचे मीठ अंमळ जास्त पडले होते. पहाटेच त्याने छापखान्यातल्या बाइंडरला सोबत घेऊन बाजारातल्या टाकीतून एक दांडगा जिवंत मासा विकत घेतला. बाइंडर पट्टीचा पोहणारा. त्याने मासा घेऊन स्कूटरवरून पुढे जावे, खडकामागच्या लव्हाळ्यात दडून बसावे, मशीनमनने डोक्यावरची टोपी काढताच बुडी मारून मासा गळाला अडकवावा आणि पाण्याखालून चार हिसके द्यावेत, असा बेत ठरला होता. जेवायला बसल्यावर सगळे उघड करून मनसोक्त हसायचे होते.

ऊन डोक्यावर आले. मशीनमनचा हात टोपीकडे जाणार, इतक्यात दाजींची दोरी ताडकन ताणली गेली.

'उतावळा मेला!' मशीनमन मनात म्हणाला. बाइंडरचे हे नेहमीचेच. डिंक वाळण्यापूर्वी पुस्तक उघडून पाहणारा माणूस तो.

काठी कमानीसारखी वाकली. दाजी गुडघाभर पाण्यात ओढले गेले. दोरी डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागली. दाजींच्या बोटांतून रक्त आले, तथापि त्यांनी काठी सोडली नाही.

"बाइंडर जरा जास्तच रंगलाय," प्रूफरीडर कुजबुजला. "नाटकात घालायला हवा याला."

"दम कसा पुरतो कोण जाणे," मशीनमन म्हणाला.

अखेरीस ओढ मंदावली, आणि मासा चिखलात येऊन पडला. टाकीत पाहिला त्याहून तो कितीतरी थोराड भासला. परंतु पहाटे दुकानात उजेड तरी कितीसा होता!

दाजी त्याच्या शेजारी चिखलातच बसले.

"पाहिलंस ना? तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं, दाजी."

"आता तुझ्या ताईला म्हणावं, मोज विती! असाच्या असा घरी नेणार. सगळ्या गल्लीला दाखवणार. मी थापाड्या नव्हतो रे."

प्रूफरीडरला राहवले नाही. तो पोट धरून खाली बसला.

मशीनमनचे हसू मात्र आटले. मासा विकणारी बाई ताईच्या चांगल्या ओळखीची होती. संध्याकाळपर्यंत बिंग फुटणार, आणि दाजींची उरलीसुरली अब्रूही गल्लीत जाणार. त्यापेक्षा इथेच सांगितलेले बरे, असा त्याने विचार केला.

"दाजी, रागावू नका. हा बाजारातला मासा आहे."

"बाजारातला?"

"आम्हीच आणला. बाइंडरनं तुमच्या गळाला लावला."

"आणि ती ओढ?"

"ती पण त्याचीच."

दाजींनी माशाकडे पाहिले. त्याचा जबडा हळूहळू उघडत-मिटत होता. मग दाजींनी गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी कवटाळून पाण्यात नेला आणि सोडून दिला.

"अहो, अहो! जेवणाचं काय?" प्रूफरीडर ओरडला.

मासा क्षणभर तसाच राहिला. नंतर एकदाच शेपूट हलवून खोल उतरला.

"काठी तू ठेव," दाजी मेहुण्याला म्हणाले. "मुलीकडे उगाच अडगळ."

"दाजी, थट्टा होती हो."

"कळलं रे. बाइंडरच्या ओढीत आणि माशाच्या ओढीत फरक मला कळला नाही, तर तेव्हाही गळाला काय होतं, देव जाणे. एखादा ओंडका असेल. ताईला तुझ्या सांगून टाक, तिचंच खरं होतं."

मशीनमन लव्हाळ्याकडे वळून ओरडला, "ये रे बाहेर! संपलं नाटक!"

लव्हाळा हलला नाही.

ओ आली ती पाठीमागच्या रस्त्यावरून. बाइंडर घामाघूम होऊन स्कूटर ढकलीत येत होता.

"निम्म्या वाटेतच चाक बसलं," जवळ येऊन तो धापा टाकीत कुजबुजला. "माझ्यावाचून सुरू नाही ना केलंत?"

स्कूटरला बांधलेल्या पिंपात पहाटेचा मासा शेपूट आपटीत होता.