चिमटा जागेवर आहे

विज्ञानाच्या नजरेतून या जगात काहीही सुटत नाही. तारनाक्याच्या आमच्या हॉस्पिटलात मात्र माझा चष्मा दोनदा हरवला.

पित्ताशय काढल्यापासून पोटात काहीतरी टोचत होतं. एक्सरे साफ, म्हणून डॉक्टर अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवायचे. शेवटी डोकं फिरलं आणि मी थेट हत्यारं निर्जंतुक करतात त्या खोलीत घुसलो.

"तुमचा चिमटा माझ्या पोटात राहिलाय."

"असल्या बाता नक्को, काका," तिथल्या प्रमुख पद्मावतीबाई म्हणाल्या. "प्रत्येक हत्यारावर कोड कोरलेला असतो. धुतलं की स्कॅन, वाफेतून निघालं की स्कॅन. हा बघा तुमच्या ऑपरेशनचा चिमटा." त्यांनी तो स्कॅनरखाली धरला. बीप वाजला, पडद्यावर नंबर उमटला.

"आता माझ्या पोटावर धरा."

वैतागून त्यांनी स्कॅनर माझ्या सदऱ्यावर टेकवला.

बीप वाजला. पडद्यावर तोच नंबर.

बाईंनी हातातल्या चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांची बोटं आवळली आणि चिमटा कट्‌कन मिटला.

माझ्या पोटात काहीतरी घट्ट धरलं गेलं.

भांडायला श्वासच उरला नव्हता.

"बाई," मी हळूच म्हणालो, "तो तेवढा उघडता का?"